हजेरीपटामागचं घर

१९८९ साली आयुर्विमा महामंडळात सहायकाच्या जागेसाठी एका तरुणीची निवड झाली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, महामंडळाच्याच यादीवरच्या डॉक्टरबाईंनी तपासून ती नोकरीस पात्र असल्याचा दाखला दिला. त्याच सुमारास तिच्यापुढे एक छापील प्रतिज्ञापत्र आलं. लग्न झालं आहे का? मुलं किती? पाळी नियमित येते का? शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? सध्या दिवस गेले आहेत का? गर्भपात झाला असल्यास कधी? तिने रकाने भरले, सही केली आणि ती कामावर रुजू झाली. जानेवारी १९९० मध्ये ती बाळंत झाली. फेब्रुवारीत, बाळंतपणाची रजा चालू असतानाच, सेवामुक्तीचं पत्र आलं. पत्रात कारण नव्हतं. पुढे न्यायालयात महामंडळाने कारण सांगितलं: शेवटच्या पाळीची तारीख तिने खोटी लिहिली होती.

उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९१ रोजी तिला पुन्हा कामावर घ्यायला लावलं. ज्या रकान्यांची उत्तरं देताना कोणत्याही बाईला संकोच वाटेल, जे तिच्या आत्मसन्मानाला धक्का लावतात, असे रकाने भविष्यात अर्जावर असता कामा नयेत, असंही बजावलं. सरकारी मालकीच्या, हजारो बायका नोकरीला असलेल्या संस्थेत असा अर्ज छापून वाटला जात होता आणि तो कुणाला खटकला नव्हता, ही गोष्ट मला त्या निकालापेक्षाही जास्त विचार करायला लावते. पाळीची तारीख कशासाठी हवी होती? नवी कर्मचारी पहिल्याच वर्षी रजा मागेल का, याचा अंदाज बांधण्यासाठी. म्हणजे मालकाला तिचे हात हवे होते, हिशेब येणारं डोकं हवं होतं. तिला गर्भाशय आहे, घर आहे, ही भानगड नको होती.

माझा विषय ती भानगडच आहे. कामावर येणाऱ्या माणसाला आई-बाप असतात, मुलं होतात, त्याचे सण असतात, श्रद्धा असते, त्याचं शरीर बाईचं असतं, पुरुषाचं असतं किंवा या दोन्ही खान्यांत न बसणारं असतं. या सगळ्यासाठी कामाची घडी थोडी सैल करणं मालकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही. बऱ्याच बाबतीत ते त्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. काही बाबतीत मात्र आपला कायदा अजून गप्प आहे, आणि कुठे बोलतो, कुठे गप्प बसतो, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

लग्न झालं की घरी बसा, ही अट आज कुणी उघडपणे घालणार नाही. पण साठच्या दशकात मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात ती लेखी होती. बाईने लग्न केलं की नोकरी संपली. कंपनीचा युक्तिवाद असा की पॅकिंगचं काम टोळीने करायचं असतं, एक जण गैरहजर राहिली की सगळ्यांचं अडतं, आणि लग्न झालेल्या बायका जास्त खाडे करतात. मुंबईच्या कामगार संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. न्यायालयाने साधा प्रश्न विचारला: खाडे मुलांमुळे होत असतील, तर मुलं असलेल्या विधवेलाही ते होणारच, मग तिला कशी चालवून घेता? फरक उरतो तो फक्त बाळंतपणाच्या रजेचा, आणि तेवढ्यासाठी चार-दोन बदली बायका हाताशी ठेवल्या की काम भागतं. अट रद्द झाली. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात न्यायालयाने तत्त्वाच्या गप्पा कमी मारल्या आणि मालकाला त्याच्याच कामाची व्यवस्था कशी लावायची ते सांगितलं. सोय करून देण्याचं कर्तव्य म्हणजे प्रत्यक्षात हेच: अडचण खरी आहे का ते बघा, खरी असेल तर तिच्यावर तोडगा किती खर्चाचा आहे ते बघा, आणि माणूस काढून टाकण्याआधी तो तोडगा करून बघा.

सगळे निकाल इतके स्वच्छ नव्हते. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट माणुसकीला सोडून असल्याचं सांगून मोडीत काढली. पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही ही दुसरी अट मात्र योग्य ठरवली. आणि लष्करातल्या ज्या परिचारिकेला लग्न केलं म्हणून १९८८ साली घरी पाठवलं गेलं, त्या बाईंना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश निघायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. छत्तीस वर्षं. न्याय मिळाला, पण तोवर नोकरीचं वय उलटून गेलं होतं.

आता पैशांकडे येऊ, कारण या विषयातली खरी गाठ तिथे आहे.

जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली. विधेयक विधिमंडळाचे एक सदस्य आसवले यांनी आणलं होतं. त्याआधी काही वर्षं सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने मुंबईच्या चाळींतून फिरून बाळंतिणींची हालत नोंदवून ठेवली होती. गिरणीमालकांच्या बाजूने नेहमीचं म्हणणं मांडलं गेलं की हा बोजा उद्योगाला झेपणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा विधिमंडळाचे सदस्य होते आणि त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांच्या भाषणातला एक मुद्दा आज जवळजवळ शंभर वर्षांनंतरही कुणी नीट उचलला नाही. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. म्हणून त्याच्या खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी कबूल केलं. पण मालक तिच्या श्रमातून फायदा घेतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये कायदा झाला. खर्च मात्र सगळा मालकावर पडला.

त्याचा परिणाम गिरणगावाने पाहिला. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. वायंडिंग आणि रिलिंग ही खाती बायकांचीच. पुढच्या काही दशकांत त्या झपाट्याने कमी झाल्या. यंत्रं बदलली, रात्रपाळीला बायकांना बंदी होती, कामगार कपात झाली, अशी बरीच कारणं होती. पण बाई म्हणजे भत्ता, बाई म्हणजे पाळणाघर, हा हिशेबही त्यात होता. जिला कामावर घेतलंच नाही, तिला रजा द्यावी लागत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ सालीच, म्हणजे मुंबईच्या कायद्याच्या दहा वर्षं आधी, सांगून ठेवलं होतं की प्रसूतीचा भत्ता सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून द्यावा. २००० सालच्या त्यांच्या करारात तर स्पष्टच आहे की एकेकट्या मालकावर हा थेट खर्च टाकू नये. भारताने दोन्ही करारांना अजून मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडे दोन रस्ते शेजारी शेजारी चालतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली आणि कामगार विम्याखाली, म्हणजे ईएसआयखाली येणारी बाई बाळंत झाली तर तिचा भत्ता विमा महामंडळ देतं. त्यासाठी मालक सगळ्याच कामगारांच्या पगारावर ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरत असतो. पुरुष कामगार असो की बाई, वर्गणी तीच. म्हणून ईएसआयच्या कारखान्यात बाईला घेतल्याने मालकाच्या खिशाला जास्तीची तोशीस लागत नाही. या मर्यादेच्या वर पगार गेला की मात्र मालकाने स्वतःच्या तिजोरीतून २६ आठवड्यांचा पूर्ण पगार द्यायचा. २०१७ च्या दुरुस्तीने १२ चे २६ आठवडे झाले, त्याचं स्वागत मीही करतो. बाळाला सहा महिने अंगावर पाजायचं तर आई घरी हवी. पण खर्च कुणी करायचा हे न बदलता आठवडे दुपटीहून जास्त वाढवले, तर छोट्या कंपनीतल्या मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न तोंडी विचारला जाणार, हे उघड होतं. छापील रकाने गेले, प्रश्न तोंडावर आले. माझ्या मते ईएसआयसारखा सगळ्यांनी मिळून भरलेला निधी सगळ्या पगारदारांना लागू करणं हा यावरचा एकमेव टिकाऊ उपाय आहे.

कायद्यात आज काय आहे ते सांगतो. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण त्याचा गाभा तोच आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर हक्क लागू होतो. २६ आठवड्यांपैकी ८ बाळंतपणाच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या खेपेला रजा १२ आठवडे. बाळ दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीने मूल मिळवणाऱ्या आईलाही १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे; हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं आणि त्या आजारपणाच्या रजेत दिवस काढतात. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिला कामावर ठेवायलाच मालकाला मनाई आहे. तिने स्वतः यायची तयारी दाखवली तरी. रजेच्या काळात तिला काढता येत नाही, आणि तिच्या नोकरीच्या अटी तिच्या गैरसोयीच्या होतील अशा बदलताही येत नाहीत. नोकरीवर घेतानाच हे सगळे हक्क तिला लेखी कळवायचे आहेत.

पाळणाघराचा नियम बघा, म्हणजे कायद्यातला एक शब्द किती उलथापालथ करतो ते दिसेल. जुन्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर बांधा, असं होतं. मोजायच्या होत्या बायका. त्यामुळे एकतिसावी बाई घेणं म्हणजे पाळणाघराचा खर्च गळ्यात घेणं, आणि कित्येक ठिकाणी हजेरीपट तिसाच्या आसपासच अडायचा. २०१७ साली हिशेब बदलला: पन्नास कर्मचारी, बायका असोत की पुरुष, असले की पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. आता बायका कमी ठेवून मालकाची सुटका होत नाही. ती चार वेळांची सवड मात्र फक्त बाईला आहे.

हे सगळे हक्क कागदावर ज्या दाराशी थांबतात ते दार म्हणजे ‘तुमचा मालक कोण?’ हा प्रश्न.

दिल्ली महापालिकेत रस्ते बांधायला, खडी वाहायला हजेरीपटावर म्हणजे मस्टरवर घेतलेल्या बायका होत्या. वर्षानुवर्षं काम करत होत्या, पण कायम नव्हत्या, म्हणून त्यांना बाळंतपणाची पगारी रजा नाही असं महापालिका म्हणत राहिली. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटात मूल वाढवणारी बाई कायम आहे की रोजंदारीवर, याने तिच्या देहाची गरज बदलत नाही. कायदा तिलाही लागू आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या काळात जड काम करायला लावू नये हे कायद्यात आहेच, आणि खडी वाहण्याहून जड काम दुसरं कोणतं?

ऊसतोड बायकांपर्यंत मात्र हा निकालही पोचला नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालना भागातून कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडून घेतो. पहाटे अंधार असतानाच तोड सुरू होते. नवरा ऊस तोडतो, बाई पाचट सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. राहायचं कोपीत, आडोसा नाही, पाणी लांब, संडास नाही. पाळी आली म्हणून एक दिवस कोपीत पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत वाढतो. एकीचा खाडा झाला तर अख्खा कोयता बसतो, म्हणून दंड दोघांचा.

पोटात दुखतं, अंगावर जातं, म्हणून खाजगी दवाखान्यात गेलं की पिशवी काढा, असा सल्ला मिळायचा. २०१९ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे खाड्याचा दंडच होता असं मी म्हणणार नाही. पण पाळीच्या चार दिवसांची सोय जिथे अशक्य करून ठेवली आहे, तिथे पिशवीच नको हा विचार बाईच्या मनात कुठून येतो, ते समजायला फार शोध घ्यावा लागत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी मालक नाही, मध्यस्थ. हजेरीपट कुणाचाच नाही, त्यामुळे ८० दिवस मोजायचे कुठे?

इथेही जो काही मार्ग निघाला तो वाटून घेतलेल्या खर्चाचाच आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असं ठरलं. महामंडळाने आजवर काय केलं यावर फडावरच्या बायकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण पैसा गोळा करण्याची रीत बरोबर आहे: साखर खाणाऱ्या प्रत्येकाच्या किमतीत त्या बाईच्या बाळंतपणाचा, पाळीच्या रजेचा थोडा वाटा यायला हवा.

पाळीची रजा हा स्वतंत्र वाद आहे. बिहार सरकार १९९२ पासून आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस देतं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे देशभर सक्तीच्या रजेची मागणी आली, तेव्हा न्यायालयाने ती धोरणाची बाब म्हणून सरकारकडे पाठवली आणि सक्ती केली तर मालक बायकांना घ्यायचंच टाळतील अशी भीती बोलून दाखवली. गिरणगावातलीच भीती. ती खोटी नाही. पण तिच्यामुळे रजा नाकारायची की ती रजा मालकाला महाग पडणार नाही अशी तजवीज करायची, यात मी दुसऱ्या बाजूला आहे.

घर म्हणजे फक्त बाळंतपण नाही. चंदीगडच्या सरकारी रुग्णालयातल्या एका परिचारिकेने विधुराशी लग्न केलं. नवऱ्याला पहिली दोन मुलं. त्यांच्यासाठी तिने बालसंगोपन रजा घेतली होती. पुढे तिला स्वतःचं पहिलं मूल झालं, तेव्हा ‘हे तुमचं तिसरं’ म्हणून बाळंतपणाची रजा नाकारली. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मिळवून दिली आणि कुटुंब म्हणजे एक आई, एक बाप, त्यांची पोटची मुलं एवढंच कायद्याने धरून चालू नये असं सांगितलं. सावत्र आई, एकटा बाप, नातवंडं सांभाळणारी आजी, अशी घरं आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहेत.

बापांची स्थिती मात्र खरोखर दरिद्री आहे. केंद्र सरकारच्या नोकराला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये स्त्री कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, आणि पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पुरुषालाही. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. कंपनीने दिली तर तिची मर्जी. यामुळे नुकसान बाईचंच होतं. बाळ आलं की रजेवर फक्त आईच जाणार हे मालकाला ठाऊक असतं, म्हणून तो आईलाच टाळतो.

रात्रपाळीचं उत्तर आपण बराच काळ बंदीने दिलं. कारखान्यात संध्याकाळी सातनंतर बाई नको. तिच्या रक्षणासाठी म्हणे; प्रत्यक्षात चांगल्या पगाराच्या पाळ्या तिच्या हातून गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीने काम करू दिलं; मालकाने तिच्या सुरक्षिततेची, सन्मानाची काळजी घ्यायची आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायचं. दारापर्यंत या शब्दांचं वजन पुण्याला सांगायला नको. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या ठेक्याच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला होता. गाडी ठेकेदाराची असली तरी जबाबदारी मालकाचीच, हे ज्या कंपनीला अजून पटलेलं नाही तिने रात्रपाळी चालवू नये.

धर्माच्या बाबतीत आपला कायदा सगळ्यात कच्चा आहे. राज्यघटनेने धर्मावरून भेदभावाला जी मनाई केली ती मुख्यतः सरकारला बांधते. खाजगी मालकाने नोकराच्या श्रद्धेसाठी सोय करावी असं सांगणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. आहे ते तुकड्यातुकड्यांनी. महाराष्ट्राच्या त्याच २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार सणांच्या, वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी एकमेकांच्या संमतीने ठरवलेल्या. ती संमती घेताना अल्पसंख्य कामगाराचा सण यादीत येतो का, हे कुणी तपासत नाही. वीस जणांच्या दुकानात एकोणीस जण गणपती-दिवाळी मागणार आणि विसाव्याची ईद किंवा नाताळ किरकोळ रजेत जाणार. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत याहून बरी पद्धत आहे: दोन मर्यादित सुट्ट्या यादीतून ज्याने त्याने आपल्या निवडायच्या. पारशी कर्मचारी आपल्या नववर्षाला घेतो, कुणाचंच अडत नाही. ही पद्धत खाजगी आस्थापनांना सक्तीची करायला एका दुरुस्तीपलीकडे काही लागणार नाही.

जिथे कामगार बहुसंख्येने एका श्रद्धेचे असतात तिथे कायद्याची वाट बघावी लागत नाही. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. प्रश्न येतो तो एकट्या माणसाचा.

हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाने दाढी ठेवली म्हणून त्याला काढलं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दलाची बाजू उचलून धरली. नियमाप्रमाणे, ज्याच्या धर्मात केस कापायलाच बंदी आहे त्यालाच सूट. म्हणून शिखाला मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची बडतर्फीही कायम झाली. पलटणीच्या देवळात गाभाऱ्यात जायला त्याने नकार दिला होता. सैन्यात शिस्तीचं मोल वेगळं, हे मान्य. पण हे निकाल हातात घेऊन एखाद्या मॉलने सेल्सगर्लचा हिजाब किंवा एखाद्या हॉटेलने वेटरची पगडी नाकारली, तर त्याला सैन्याचं कारण लागू पडत नाही. दुचाकी चालवणाऱ्या पगडीधारी शिखाला शिरस्त्राणाची सक्ती नाही असं आपला मोटार वाहन कायदा सांगतोच; सोय करून दिल्याने कायद्याचं राज्य कोसळत नाही.

अमेरिकेत १९७२ च्या कायदादुरुस्तीपासून मालकाला धर्मासाठी सोय करण्याचं कर्तव्य आहे, पण १९७७ च्या एका निकालाने किरकोळ खर्चाचं कारणही नकाराला पुरेसं ठरवलं होतं. २०२३ मध्ये रविवारी काम न करणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की धंद्याला भरीव जादा भार पडतो हे मालकाने दाखवायला हवं; सहकाऱ्यांना तो धर्म किंवा ती सवलत आवडत नाही, हे कारण चालणार नाही. पॅकिंग खात्याच्या खटल्यात आपल्या न्यायालयाने साठच्या दशकात मालकाला जे विचारलं, त्याच्या जवळचंच हे आहे. तीच कसोटी आपण धर्माला लावलेली नाही, एवढंच.

शेवटचा भाग लिंगभावाचा. माजलगावच्या एका पोलीस शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा मागितली. भरती स्त्री उमेदवार म्हणून झालेली. खात्यापुढे खरोखर प्रश्न होते: पुरुष शिपायाच्या उंचीचे निकष वेगळे, गणवेश वेगळा, बराक वेगळी. खात्याने रजा नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सेवेची बाब म्हणून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे वळवलं गेलं. मग २०१८ मध्ये गृह खात्याने परवानगी दिली, मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर हजर झाले. खात्याला किती खर्च आला? काही महिन्यांची रजा, नवा गणवेश, कागदोपत्री नावाची दुरुस्ती. ज्या उंचीवरून एवढा घोळ झाला ती ड्युटीवर कधी आड आल्याचं ऐकिवात नाही.

२०१९ च्या पारलिंगी व्यक्ती कायद्याने नोकरी देताना, बढती देताना भेदभावाला मनाई केली, खाजगी आस्थापनांतही. प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे आणि समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातल्या खाजगी शाळेतून नोकरी गेलेल्या आणि गुजरातमधल्या शाळेने नोकरी नाकारलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेचं प्रकरण आलं. न्यायालयाने तिला भरपाई दिली, कायदा होऊनही सरकारांनी काही केलं नाही म्हणून फटकारलं आणि धोरण आखायला समिती नेमली. तक्रार अधिकारी कोण, हे आपल्या ऑफिसात विचारून बघा. बहुतेक ठिकाणी मनुष्यबळ विभागालाच ठाऊक नसतं, आणि हा प्रश्न पारलिंगी नसलेल्या सहकाऱ्यांनी विचारायला हवा, कारण ज्याला गरज आहे त्याला तो विचारतानाच सगळं उघड करावं लागतं.

हक्क मागताना तोंडी बोलणं पुरत नाही. रजेचा, पाळीबदलाचा, सणाच्या सुट्टीचा अर्ज लेखी द्यावा, त्यावर पोच घ्यावी, मेल असेल तर स्वतःच्या खाजगी पत्त्यावर प्रत ठेवावी. नकार आला तर तोही लेखी मागावा. पुष्कळ नकार लेखी द्यायची वेळ आली की मागे घेतले जातात. ईएसआय कापली जात असेल तर भत्त्याची मागणी कंपनीकडे न करता विमा महामंडळाच्या शाखेत करायची. आणि बाळंतपणाच्या रजेत नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं तर अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे; ती आदेश हाती पडल्यापासून मोजली जाते.